मुलाच्या मागे चालायचं काम: प्ले थेरपीत येऊ पाहणाऱ्यांसाठी

एम.ए.चं शेवटचं वर्ष संपत आलं की मानसशास्त्राच्या विद्यार्थिनी विचारू लागतात, "ताई, लहान मुलांसोबत काम करायचंय, प्ले थेरपीचा कोर्स कुठला करू?" प्ले थेरपी म्हणजे खेळातून मुलांच्या मनावर करायचे उपचार. कोर्सचं पुढे सांगतेच. पण या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट कुठल्याच प्रमाणपत्रावर लिहिलेली नसते. पाऊण तास एका मुलासमोर बसायचं आणि त्याला काहीही शिकवायचं नाही, हे ते काम.

ऐकायला सोपं वाटतं. पण आपण वाढलो कसे ते आठवा. मुलाने पिवळा ठोकळा उचलला की आपण विचारतो, "हा कुठला रंग?" पाहुणे आले की, "काकांना कविता म्हणून दाखव." मूल म्हणजे सतत परीक्षा घ्यायची गोष्ट, ही सवय आपल्या हाडात आहे आणि पदवी घेतल्याने ती जात नाही.

व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९४७ साली खेळातून उपचारांची आठ तत्त्वं मांडली. मूल आहे तसं स्वीकारा, वाट त्याला दाखवू द्या, घाई करू नका, आणि बंधनं फक्त गरजेपुरती घाला, हा त्यांचा गाभा. ती तत्त्वं पाठ करायला एक संध्याकाळ पुरते, अंगी बाणायला वर्षं जातात. सराव असा करायचा: मूल जे करतंय तेच शब्दांत म्हणायचं. "बाहुली खाली ठेवलीस." "वाघ आता दाराशी आलाय." प्रश्न नाही, सूचना नाही, "शाब्बास"सुद्धा नाही. शाब्बासकी का नको, हे नव्यांना पटत नाही. पण एकदा शाब्बास मिळाली की मूल पुढच्या शाब्बासकीसाठी खेळू लागतं आणि त्याचा स्वतःचा खेळ तिथेच थांबतो. तसंच, मुलाने नाव दिल्याशिवाय वस्तूला नाव द्यायचं नाही. त्याच्या हातातली काडी आपल्याला काडी दिसते, त्याच्यासाठी ते इंजेक्शन असतं.

हे प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी इंग्रजीत होतं, म्हणून आपली वाक्यं आपण मराठीत घडवून ठेवायला हवीत, तीही समोरच्या मुलाच्या मराठीत. "तुला राग आल्यासारखं वाटत आहे" हे वाक्य माझ्या सातारच्या खोलीत कधीच कुणाच्या कानात शिरलं नाही. "लय चिडलास तू त्याच्यावर" म्हटलं की मूल मान वर करून बघतं.

आता खोलीविषयी, कारण नवीन मुली सगळ्यात आधी खेळण्यांवर पैसे घालतात. घालू नका. खेळणी साधारण तीन प्रकारची लागतात: घरातल्या जगण्याची, राग बाहेर काढायची आणि काहीतरी घडवायची. पहिल्या प्रकारात आपली भातुकली फार मोलाची आहे. चूल, तवा, पोळपाट-लाटणं, सोबत बाहुल्यांचं कुटुंब आणि डॉक्टरचा संच. सावंतवाडीची लाकडी भातुकली मिळाली तर उत्तम, नाहीतर आठवडी बाजारातली चालते. दुसऱ्यात वाघ, मगर, रबरी साप, मारता-बुकलता येईल अशी भरलेली गोणपाटाची पिशवी. तिसऱ्यात शाडू, कणीक, खडू, कागद. बॅटरीवरची खेळणी नकोत, ती एकच गोष्ट करतात. टीव्हीवरच्या पात्रांची बाहुली नको, तिची गोष्ट आधीच ठरलेली असते. वाळूचा ट्रे मात्र जरूर ठेवा. मार्गारेट लोवेनफेल्ड या ब्रिटिश डॉक्टर बाईंनी लंडनमध्ये १९२०च्या दशकाच्या अखेरीस वाळू आणि छोट्या वस्तूंमधून मुलांना आपलं जग मांडू द्यायला सुरुवात केली, तिथून ही पद्धत आली. ट्रे आतून निळा रंगवायचा, म्हणजे वाळू बाजूला सारली की मुलाला पाणी दिसतं. आमच्याकडे पावसाळ्यात वाळू ओलसर राहते. उघडीप मिळाली की ती गच्चीवर वाळवून चाळून घ्यावी लागते, हेही कामच.

वेगळी खोली नसेल तर शाळेच्या कोपऱ्यात एक चटई आणि एक पिशवी पुरते. पण प्रत्येक वस्तू दर वेळी ठरलेल्या जागीच ठेवा. ज्या मुलाच्या घरात रोज काहीतरी बदलतं, त्याला वाघ कुठे असतो हे ठाऊक असणं फार मोठी गोष्ट असते.

एक मुलगी आठवते, साडेचार वर्षांची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते आहे. घरात धाकटा भाऊ आला आणि हिने पुन्हा अंथरुण ओलं करायला, बालवाडीत चावायला सुरुवात केली. माझ्याकडे ती भातुकली मांडायची. सगळ्यांना वाढायची, मला, वाघालासुद्धा. बाळाच्या बाहुलीची ताटली रिकामी. "बाळाला का नाही?" हा प्रश्न जिभेवर येतोच, आणि तो गिळायचा असतो, कारण त्या "का" मध्ये "द्यायला हवं होतंस" लपलेलं असतं आणि मुलाला ते बरोबर ऐकू येतं. मी एवढंच म्हणायचे, "बाळाची ताटली रिकामी आहे." ती मान डोलवायची आणि वाघाला आणखी वाढायची. पुढे बाळ वाळूत पुरलं गेलं, बाहेर निघालं, त्याला इंजेक्शनं मिळाली, मग एकदा औषध आणि पाणी मिळालं. नेमकं कुठे काय बदललं हे मी सांगू शकत नाही. पण ज्या खेळाला घरात "असं नाही करायचं" मिळालं असतं, तो इथे पूर्ण खेळला गेला, हे तिला हवं होतं याबद्दल मला शंका नाही.

मोकळीक म्हणजे वाट्टेल ते नव्हे. वाळू माझ्या डोळ्यांत फेकायला निघालेल्या मुलाला मी तीन वाक्यं म्हणते आणि त्यांचा क्रम मोडत नाही: "तुला माझ्यावर वाळू फेकायचीय. माणसांवर वाळू फेकायची नसते. त्या बादलीत फेक." आधी इच्छा ओळखायची, मग मर्यादा, मग पर्याय. ही रीत अमेरिकन प्ले थेरपिस्ट गॅरी लँड्रेथ यांची, आणि सौम्य पालकत्वाचंही, म्हणजे न मारता-ओरडता मूल वाढवण्याचंही, मर्म मला याच तीन वाक्यांत दिसतं. सौम्य म्हणजे "नाही" न म्हणणारे पालक, असा समज घेऊन खूप जण येतात आणि थकून जातात. माया आणि ठामपणा एकत्र नांदू शकतात, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकापासून मांडलं आहे. आवाज न चढवता धरलेली मर्यादा मुलाला सुरक्षित वाटते.

पालकांसाठी वेळ राखून ठेवा. माझ्या मते हे कामाचं निम्मं अंग आहे. बर्नार्ड आणि लुईस गर्नी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९६०च्या दशकात पालकांनाच असं खेळायला शिकवायला सुरुवात केली. २००५ साली संशोधक ब्रॅटन आणि सहकाऱ्यांनी प्ले थेरपीचे ९३ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा प्रशिक्षित पालकांनी घेतलेल्या खेळाचा परिणाम व्यावसायिकांपेक्षाही जास्त दिसला. तुमच्यासमोर मात्र आधी येतील ते "पैसे देऊन नुसतं खेळायचं?" विचारणारे बाबा. रागावू नका, प्रश्न रास्त आहे. मी त्यांना सांगते: आठवड्यातून एकदा अर्धा तास, ठरलेला वार, फोन दुसऱ्या खोलीत, खेळ मुलाने निवडायचा. आजीलाही बोलावते. "आमची पोरं मार खाऊनच मोठी झाली" हे ऐकल्यावर वाद घालत नाही. नातू तुमच्याजवळ काय मागतो, ते विचारते. मांडी, गोष्ट, डोक्याला तेल, अशी उत्तरं येतात. बऱ्याच घरांत सगळ्यात धीराने मुलाजवळ बसणारं माणूस आजीच असते, तिला विरोधी पक्षात ढकलू नका.

शिक्षणाचं थोडक्यात. भारतीय पुनर्वास परिषद (आरसीआय) ही पुनर्वसन क्षेत्रातल्या व्यावसायिकांची नोंदणी करणारी सरकारी संस्था. तिच्या नोंदणीत प्ले थेरपिस्ट असा वेगळा प्रकार नाही. म्हणून आधी समुपदेशन, चिकित्सा मानसशास्त्र किंवा बालविकास यांत एम.ए. किंवा एम.एस्सी. करा, खेळाचं प्रशिक्षण त्यावर घ्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणीचा आजवरचा मुख्य मार्ग दोन वर्षांच्या एम.फिल.चा होता, पण यूजीसीने २०२२च्या नियमांत एम.फिल. बंद केल्यापासून त्यात बदल होत आहेत. प्रवेशाआधी परिषदेची चालू यादी स्वतः पाहा. दोन दिवसांच्या कार्यशाळेवर पाटी लावू नका. कोर्स निवडताना एकच विचारा: माझी सत्रं अनुभवी माणूस पाहणार आहे का? नसेल तर तो कोर्स सोडा. आणि प्रत्येक मुलाला खेळच हवा असतो असं नाही. बोलणं उशिरा येतंय, नजर देत नाही, असं दिसलं तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखणाऱ्या केंद्रात, पाठवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तिथली तपासणी मोफत असते.

कायदा पहिल्या दिवसापासून माहीत हवा. खेळात किंवा बोलण्यात लैंगिक अत्याचाराची गोष्ट आली, तर मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा २०१२च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे गोपनीयता आड येत नाही. मुलाला खोदून विचारू नका. त्याचे शब्द त्याच्याच भाषेत, तारीख-वेळेसह, त्याच दिवशी लिहून ठेवा. मूल संकटात असेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा.

कोर्सला प्रवेश मिळेपर्यंत रिकाम्या बसू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला अंगणवाडी रुजवली, ती मुलांच्या अंगणात जाऊन बसून. जवळच्या अंगणवाडीत सेविकाताईंची आणि पर्यवेक्षिकेची परवानगी घ्या, कोपऱ्यात बसा आणि तासभर एकाच मुलाकडे बघा. वहीत फक्त त्याने काय केलं ते लिहा: उचललं, फेकलं, लपवलं, परत आणलं. "हट्टी", "लाजरं", "हुशार" असा शब्द आला की खोडा आणि त्या जागी तुम्ही नेमकं काय पाहिलंत ते लिहा. पहिल्या काही पानांवर खाडाखोडच जास्त असेल. ती वही घेऊन या, आपण तिथून बोलू.