पंपाचं इन्सुलिन अंगी लागावं म्हणून

इन्सुलिन पंपाच्या पडद्यावर बोलस (जेवणाच्या वेळी एकदम दिलेला डोस) पूर्ण गेल्याची नोंद असते आणि दोन तासांनी शुगर निघते २६०. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी डोस वाढवायला जातो. पण पंपाला कळतं ते फक्त किती इन्सुलिन ढकललं एवढंच. त्यातलं किती रक्तात पोचलं, किती कातडीखालीच रेंगाळलं आणि किती चिकटपट्टीखाली ओघळलं, याचा त्याला पत्ता नसतो. म्हणून तपासायचा क्रम असा ठेवा: आधी टोचायची जागा, मग सेट (पंपातून इन्सुलिन अंगात नेणारी जोडणी), मग इन्सुलिन आणि सगळ्यात शेवटी डोस. डोसाचे आकडे डॉक्टरांशी बोलूनच बदला. बाकीचं बरंचसं घरच्या घरी सुधारता येतं.

जागा डोळ्यांनी नव्हे, बोटांनी बघा

एकाच पट्ट्यात वर्षानुवर्षं सुई किंवा कॅन्युला (सेटची कातडीखाली राहणारी बारीक नळी) टोचली की तिथली चरबी फुगते आणि रबरासारखी घट्ट होते. तिथे टोचलेलं दुखत नाही, त्यामुळे हात पुन्हा पुन्हा तिथेच जातो आणि फुगवटा वाढत जातो. त्या गाठीतून इन्सुलिन कधी उशिरा मिळतं, कधी कमी, तर कधी एकदम.

आंघोळीच्या वेळी बोटांना साबण लावा. बोटं सपाट ठेवून पोट, कंबरेच्या बाजू, मांड्या आणि दंड हळूहळू चाचपा. मग कातडी चिमटीत धरा. चांगली जागा सहज चिमटीत येते. गाठ जाड लागते, नीट मळल्या न गेलेल्या पिठातल्या गुठळीसारखी. प्रत्येक गाठीभोवती बॉलपेनने रेघ मारा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. त्या रेघेच्या आत निदान काही महिने कॅन्युला लावायची नाही.

इथे एक धोका आहे, तो हलका घेऊ नका. गाठ सोडून ताज्या जागी गेलात की तेवढंच इन्सुलिन जास्त लागू पडतं आणि हायपो होऊ शकतो, म्हणजे शुगर फार खाली जाऊ शकते. जागा बदलण्याआधी डोस किती कमी करायचा ते डॉक्टरांना विचारा, पहिले तीन-चार दिवस शुगर जास्त वेळा तपासा आणि उशाशी साखर किंवा ग्लुकोज पावडर ठेवा.

फिरवायची जागा कॅलेंडरवर लिहा

‘जागा बदलत राहा’ हा सल्ला सगळ्यांना मिळतो, पण लक्षात ठेवून तो कुणालाच पाळता येत नाही. बेंबीभोवतीचं ५ सेंटीमीटरचं वर्तुळ सोडून द्या. उजव्या पोटावर चार बिंदू आणि डाव्या पोटावर चार बिंदू ठरवा. दोन बिंदूंमध्ये किमान अडीच सेंटीमीटर, म्हणजे साधारण दोन बोटं अंतर हवं. कंबरेच्या मागच्या बाजूला, कुल्ल्याच्या वरच्या भागात, दोन्हीकडे दोन-दोन बिंदू घ्या. झाले बारा. दर तीन दिवसांनी सेट बदललात तर तोच बिंदू पुन्हा यायला ३६ दिवस लागतात. भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेच्या चौकटीत ‘उ२’, ‘डा३’ एवढं लिहिलं तरी पुरतं.

पोटातून इन्सुलिन साधारणपणे लवकर शोषलं जातं, मांडी आणि कुल्ल्यातून सावकाश. त्यामुळे पोटावरून मांडीवर गेल्यावर जेवणानंतरचा आकडा थोडा वेगळा आला तर लगेच पंपाला दोष देऊ नका. परकराची किंवा सलवारची नाडी आणि पँटचा पट्टा जिथे काचतो तिथे कॅन्युला नको. ढोल-ताशा पथकात वाजवत असाल तर सरावाच्या आणि मिरवणुकीच्या दिवसांत पोट सोडाच. ढोल कमरेला बांधलेला असतो, तो तासन्‌तास तिथेच आदळतो. त्या दिवसांत दंड किंवा कुल्ल्याचा वरचा भाग बरा.

सेट लावताना

बहुतेक माणसांना ६ मिलिमीटरची सरळ कॅन्युला पुरते. जाड माणसाला लांबच हवी असं नाही, कारण कातडीची जाडी सगळ्यांची जवळपास सारखीच, दोन-अडीच मिलिमीटर असते. अगदी सडपातळ मुलांमध्ये मात्र सरळ कॅन्युला स्नायूत जाऊ शकते. तिथे तिरका सेट बरा. मऊ कॅन्युला वारंवार वाकत असेल तर स्टीलच्या सुईच्या सेटबद्दल विचारा. स्टील वाकत नाही, पण दर दोन दिवसांनी बदलावं लागतं.

साबणाने हात धुवा. जागा स्पिरिटच्या स्वॅबने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओलसर कातडीवर चिकटपट्टी धरत नाही. तेल, क्रीम, पावडर तिथे नको. दिवाळीत अभ्यंगस्नान आधी उरका, नवा सेट त्यानंतर लावा. कॅन्युला बसल्यावर सुई काढा आणि कॅन्युलाची पोकळी भरा: ६ मिलिमीटरला साधारण ०.३ युनिट, ९ मिलिमीटरला ०.५. तुमच्या सेटच्या माहितीपत्रकात वेगळा आकडा असेल तर तो पाळा. हे भरणं विसरलात तर पहिला बोलस तेवढा कमी पडतो.

सेट सकाळी किंवा दुपारी, जेवणाआधी बदला आणि दोन तासांनी शुगर बघा. झोपताना बदललेला सेट वाकला असेल तर ते पहाटेपर्यंत कळणार नाही.

एकाच सेटचे तीन दिवसही सारखे नसतात. पहिल्या दिवशी शोषण जरा मंद असतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वेग वाढतो. त्यानंतर कॅन्युलाभोवती सूज येऊ लागते आणि आकडे हेलकावतात. इन्सुलिनमध्ये टिकण्यासाठी घातलेली क्रेसॉल-फिनॉलसारखी द्रव्यंही त्या सुजेला हातभार लावतात. सेट महाग आहे हे खरंच, पण तीन दिवसांचा सेट पाच दिवस ओढून वाचवलेले पैसे वाढीव इन्सुलिन आणि शुगर तपासायच्या पट्ट्यांवर जातात. सात दिवसांचे सेट वेगळ्या बनावटीचे असतात. साध्या सेटकडून ती अपेक्षा नको.

भरताना हवा आणि चुकीची बाटली

फ्रिजमधून काढलेलं इन्सुलिन थेट रिझर्व्हायरमध्ये (पंपातल्या इन्सुलिनच्या टाकीत) भरू नका. थंड द्रवात विरघळलेली हवा गरम होताना बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडते. बाटली आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, सावकाश ओढा, टिचकी मारून बुडबुडे वर आणा आणि बाहेर ढकला. ट्यूबच्या टोकाला थेंब दिसेपर्यंत प्राइम करा, म्हणजे ट्यूब इन्सुलिनने भरा. त्या वेळी सेट अंगाला जोडलेला नसावा. ट्यूबमधली अडीच सेंटीमीटर हवा म्हणजे साधारण अर्धा युनिट. मोठ्यांना ते जाणवणार नाही, पण ज्या मुलाचा बेसल (पंपातून दिवसरात्र थोडं थोडं जाणारं इन्सुलिन) तासाला ०.२ युनिट आहे त्याचं ते अडीच तासांचं इन्सुलिन झालं.

भरायचं किती? रोज ४० युनिट लागत असतील तर तीन दिवसांचे १२० आणि ट्यूब-कॅन्युलासाठी १५-२०. त्याहून जास्त भरून आठवडाभर अंगावर वागवू नका.

आपल्याकडे केमिस्टकडे मिलीला ४० युनिटच्या बाटल्याही मिळतात. पंपाला १०० युनिट प्रति मिलीचं, डॉक्टरांनी लिहिलेलं जलद इन्सुलिनच हवं. अडीअडचणीसाठी ठेवलेली सिरिंजही तपासा: लाल टोपणाची ४०ची, नारिंगी टोपणाची १००ची. पंपाचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १०च्या रेघेपर्यंत ओढलं तर अंगात २५ युनिट जातात.

पुण्याचा उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, आणि पंपातल्या इन्सुलिनची सहनशक्ती साधारण ३७ अंशांपर्यंतच असते. दुपारी दुचाकीवर निघालात तर पंप आणि ट्यूब कपड्यांच्या आत, अंगालगत ठेवा. ज्यादा बाटली दुचाकीच्या डिकीत ठेवणं म्हणजे ती फेकून देण्यासारखंच. वीज गेली किंवा प्रवासात असाल तर बाटली कोरड्या पिशवीत बांधून माठाजवळच्या गारव्यात ठेवा, बर्फाला टेकवू नका. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं. उन्हात तापलेल्या रिझर्व्हायरचा संशय असेल तर तो पूर्ण बदला.

गरम कातडीत रक्त जास्त खेळतं, त्यामुळे इन्सुलिन लवकर उतरतं, थंडीत उलट. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर किंवा सिंहगड चढताना शुगर झपकन उतरते ती यामुळेही, स्नायू साखर वापरतात हे तर आहेच. चढायला निघण्यापूर्वी तात्पुरता बेसल लावायचा का हे ठरवून घ्या. डिसेंबरच्या पहाटे मात्र गार पोटातून बोलस सावकाश लागतो. पण म्हणून कॅन्युलाच्या जागी गरम पाण्याची पिशवी धरू नका. वेग किती वाढेल याचा अंदाज नसतो आणि चिकटपट्टीही सुटते.

बोलसच्या बाबतीत दोन गोष्टी पुरेत. जलद इन्सुलिन जेवणाआधी १५-२० मिनिटं द्यावं. शुगर खाली असेल तर अर्थातच थांबावं. आणि मोठा बोलस एका जागी साचला की शोषायला वेळ घेतो. आमरस-पुरीच्या जेवणाला मोठा डोस लागणार असेल तर तो दोन भागांत देता येतो का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

शुगर उतरतच नसेल तर

कारण नसताना शुगर २५०च्या वर असेल तर पंपातून एक करेक्शन (शुगर उतरवण्यासाठीचा जादा डोस) द्या आणि तासाभराने पुन्हा तपासा. उतरली नाही तर दुसरं करेक्शन पंपातून नको, पेनने किंवा सिरिंजने द्या. पंपात आधीचं इन्सुलिन ‘शिल्लक’ दिसत असलं तरी ते अंगात पोचलेलं असेलच असं नाही, म्हणून किती द्यायचं ते आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. मग सेट, ट्यूब आणि रिझर्व्हायर बदला. काढलेली कॅन्युला बघा: वाकलीय का, रक्त आहे का, पट्टीला इन्सुलिनचा उग्र वास येतो का. अडथळ्याचा अलार्म वाजला नाही म्हणजे सगळं ठीक असं नाही. बेसल कमी असेल तर तो उशिरा वाजतो आणि गळती असेल तर वाजतच नाही.

पंपात लांब पल्ल्याचं इन्सुलिन नसतं, त्यामुळे पुरवठा तुटल्यावर काही तासांतच किटोन (इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारी आम्लं) वाढतात. रक्तातले किटोन ०.६ मिलिमोल/लिटरच्या वर गेले तर लक्ष ठेवा, १.५च्या वर डॉक्टरांना फोन करा. ३ किंवा जास्त असतील, किंवा उलट्या आणि श्वासाची धाप सुरू झाली, तर आकड्यांची वाट न बघता रुग्णालय गाठा.