कापडाची पारख: सुती, रेशमी की पॉलिएस्टर?

"प्युअर कॉटन आहे, ताई" असं सांगून दिलेल्या कापडात अर्धं पॉलिएस्टर निघणं नेहमीचंच आहे. त्यामुळे नैसर्गिक धागा बरा की कृत्रिम, हे ठरवण्याआधी हातात काय आलंय ते ओळखायला शिका. नुसता हात फिरवून भागत नाही. हल्लीचं बारीक तंतूंचं पॉलिएस्टर मलमलीइतकं मऊ लागतं आणि रेयॉन तर सुतीपेक्षाही गार. घरच्या घरी करता येणारी भरवशाची परीक्षा म्हणजे धागा जाळून बघणं.

कपड्याच्या आत शिलाईजवळ जे जादा कापड सोडलेलं असतं, तिथून ४-५ उभे आणि ४-५ आडवे धागे काढा. दोन्ही वेगवेगळे जाळायचे, कारण ताणा (उभे धागे) एका जातीचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या जातीचा असं कापड सर्रास विणलं जातं. साडीत इथेच फसगत होते. पदराच्या दशा म्हणजे फक्त ताण्याचे धागे. तेवढेच जाळून खात्री करून घेतली, तर बाण्यातलं पॉलिएस्टर निसटतं. आडवा धागा साडीच्या कापलेल्या टोकाकडून ओढून काढा.

पंखा बंद करा, खाली स्टीलची ताटली आणि शेजारी पाणी ठेवा. धागे एकत्र पिळून चिमट्यात धरा आणि सावकाश ज्योतीजवळ न्या. सूत चटकन पेटतं, जळक्या कागदाचा वास येतो, ज्योत विझली तरी ठिणगी धुमसत राहते आणि मऊ करडी राख उरते. रेशीम आणि लोकर यांना जळक्या केसांचा वास येतो. ज्योत बाजूला केली की ती आपोआप विझतात आणि उरलेला काळा गोळा बोटांनी चुरडला की त्याची भुकटी होते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसून मागे जातं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि टणक मणी बनतो, तो चुरडत नाही. मण्याला हात लावण्याआधी तो पुरता गार होऊ द्या, चिकटला तर कातडी सोलून निघते. राखेतच टणक कण सापडले तर ते सूत आणि पॉलिएस्टरचं मिश्र कापड, म्हणजे आपलं टेरिकॉट.

रेयॉन मात्र जळताना सुतासारखंच वागतं, कारण तेही सेल्युलोजच (झाडापानांच्या तंतूंमधलं मूळ द्रव्य), लाकडाच्या लगद्यातून काढलेलं. त्याचा धागा पाण्यात भिजवून ओढून बघा. ओलं रेयॉन सहज तुटतं, तर सूत भिजल्यावर उलट चिवट होतं. रेयॉनचे कुडते पिळताना फाटतात ते याचमुळे. या परीक्षेतून टक्केवारी मात्र कळत नाही. महागड्या पैठणीसाठी सिल्क मार्कचं, म्हणजे शुद्ध रेशमाची खूण असलेलं लेबल बघूनच पैसे द्या.

एवढं कळलं की निवड सोपी होते, कारण कापडाचे बहुतेक गुणदोष ते पाण्याचं काय करतं यावर ठरतात. साधारण २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेत १०० ग्रॅम कोरडं सूत ७-८ ग्रॅम ओलावा शोषतं. रेशीम ११ ग्रॅमच्या आसपास, लोकर १५-१६, नायलॉन ४ आणि पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही.

म्हणून विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्याला सुतीसारखं दुसरं काही नाही. घाम कापडात उतरतो, तिथून उडतो आणि अंग गार पडतं. कोकणात किंवा मुंबईत हवाच दमट, घाम उडायला जागा नाही. तिथे जाड सुती शर्ट दुपारपर्यंत चिंब होतो. अशा ठिकाणी पातळ आणि सैल विणीचं सुती घ्या. घट्ट विणीचं पॉलिएस्टर तर घाम अंगावरच ठेवतं आणि घामोळं वाढवतं. खेळाच्या टी-शर्टचं पॉलिएस्टर याला अपवाद. त्याची वीण घाम तंतूंच्या फटींतून बाहेरच्या बाजूला ओढून नेते, म्हणून ते लवकर वाळतं. पावसाळ्यात सह्याद्रीत चढाईला जाताना तेच घाला. भिजलेली जीन्स जड होते, मांड्यांना काचते आणि वाऱ्यात हुडहुडी भरवते.

दोन ठिकाणी तडजोड नको. पहिलं तान्ह्या बाळाचं: झबली, टोपडी, दुपटी धुऊन मऊ झालेल्या सुतीचीच हवीत. दुसरं आग. गॅसपुढे आणि दिवाळीत फटाक्यांजवळ नायलॉन-पॉलिएस्टर घालू नका. सुतीही पेटतं आणि पातळ असेल तर वेगाने पेटतं, पण ते वितळून कातडीला चिकटत नाही. अंगाबरोबर बसणारं, जाडसर सुती घाला, ओढणी-पदर खोचून ठेवा. कापड चिकटलंच तर ओढू नका. वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा आणि दवाखाना गाठा.

टेरिकॉटला नावं ठेवायचं कारण नाही. रोज धुवायच्या शाळेच्या गणवेशाला ते चांगलं टिकतं, इस्त्री राहते. दोष एवढाच की घासलं जाणाऱ्या जागी गोळे येतात, कारण चिवट पॉलिएस्टर ते गोळे धरून ठेवतं, गळू देत नाही. पर्यावरणाच्या हिशोबात कोणीच निर्दोष नाही. कृत्रिम कापडातून प्रत्येक धुण्यात बारीक तंतू पाण्यात जातात, तर कापसाला फवारणी आणि पुष्कळ पाणी लागतं.

शिवायला टाकताना सर्वांत जास्त चुकतं ते ब्लाउजचं अस्तर. नवं सुती अस्तर पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटतं, वरचं पॉलिएस्टर तसंच राहतं. ३६ सेंटिमीटर उंचीच्या ब्लाउजमध्ये हा फरक एक ते पावणेदोन सेंटिमीटर पडतो आणि वरचं कापड फुगून चुण्या पडतात. अस्तर शिंप्याकडे देण्याआधी चार-पाच तास साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, दमट असतानाच इस्त्री करा. पाण्यात मीठ टाकून रंग पक्का होत नाही. रंग जातो का ते पांढऱ्या ओल्या फडक्याने घासून बघा.

पॉलिएस्टरला धुऊनही वास राहतो, कारण अंगाचा तेलकटपणा त्याला धरून बसतो. उलटं करून कोमट पाण्यात धुवा. सॉफ्टनर वापरू नका, त्याचा थर मळ आत कोंडतो. रेशीम-लोकरीला धुण्याचा सोडा आणि ब्लीच वर्ज्य, रिठा चालतो. इस्त्रीवरचे ठिपके जितके जास्त तितकी ती गरम: सुतीला तीन ठिपके, रेशीम, लोकर आणि पॉलिएस्टरला दोन, नायलॉनला एक. मिश्र कापडात नाजूक धागा बघून ठरवा.

पावसाळ्याआधी सुती साड्यांची खळ धुऊन काढा, नाहीतर बुरशी आणि कसर दोन्ही येतात. पैठणी प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता जुन्या सुती कापडात गुंडाळा आणि तीन-चार महिन्यांनी घड्या बदला, म्हणजे जरीचे धागे एकाच रेषेत तुटणार नाहीत.