पिकअपवर कॅम्पर चढवण्याआधी टायर कसे निवडावेत

अमेरिका-कॅनडात पिकअपच्या हौद्यात बसवायचे स्लाइड-इन कॅम्पर, म्हणजे राहण्याच्या छोट्या खोल्या, मिळतात. त्यांचं माहितीपत्रकातलं 'ड्राय वेट' फसवं असतं. त्यात पाणी, गॅस, भांडीकुंडी, कपडे काहीच धरलेलं नसतं. बॅटरी, एसीसारख्या जादा वस्तूही बऱ्याचदा वगळलेल्या असतात. नुसत्या १५० लिटर पाण्याचेच १५० किलो, म्हणजे ३३० पौंड होतात. म्हणून टायर बघण्याआधी वजन करा.

टाक्या भरून, सामान लादून, माणसं बसवून गाडी ट्रक-स्टॉपवरच्या काट्यावर न्या आणि पुढच्या-मागच्या एक्सलचं वजन वेगवेगळं घ्या. कॅम्परचा बहुतेक भार मागच्या एक्सलवर पडतो. आता ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा. त्यावर गाडीची एकूण मर्यादा, प्रत्येक एक्सलची मर्यादा, टायरचा मूळ आकार आणि हवेचा दाब दिलेला असतो. मर्यादा आधीच ओलांडली असेल तर टायर बदलून उपयोग नाही. दणकट टायर घातले म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही, विक्रेता काहीही सांगो.

समजा, मागच्या एक्सलवर ६,००० पौंड भरले. एका चाकावर ३,००० आले, असं धरू नका. फ्रिज, बॅटरी, टाकी एकाच बाजूला असली की ती बाजू सहज ३,१२० पर्यंत जाते. लोड रेंज ई (टायरच्या भारक्षमतेचा एक वर्ग) मधला एलटी (लाइट ट्रक) २४५/७५ आर १७ टायर ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) दाबाला ३,१९५ पौंड पेलतो. म्हणजे हाताशी उरले जेमतेम ७५. त्याच रेंजचा एलटी २७५/७० आर १८ मात्र ३,६४० पेलतो, म्हणजे त्याच्या क्षमतेच्या १४ टक्के राखीव. एवढी राखीव क्षमता हवीच. अर्थात त्याला १८ इंची रिम लागते आणि ती गाडीला बसायला हवी.

आकारावर 'एलटी' नसून 'पी' असेल तर तो मुळात मोटारीचा टायर. पिकअपवर त्याची छापील क्षमता १.१०ने भागून धरतात. कॅम्परखाली तो नकोच, त्याची साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) मऊ असते आणि वळणावर गाडी डुलते.

मोठा टायर जास्त वजन पेलतो, हा समजही महागात पडतो. ३५×१२.५० आर २० आकाराचे लोड रेंज ई टायर बहुधा ६५ पीएसआयलाच ३,१९५ पौंडांवर थांबतात, तर दिसायला किरकोळ एलटी २७५/६५ आर २० टायर ८० पीएसआयला ३,७५० पेलतो. तेव्हा रुबाबाकडे न बघता साइडवॉलवरचा आकडा वाचा. नक्षीचंही तेच. चिखलासाठीच्या उंच ठोकळ्यांची नक्षी वजनाखाली लचकते. मुख्यतः डांबरी रस्त्यावर फिरायचं असेल तर हायवे किंवा सौम्य ऑल-टेरेन नक्षी घ्या.

टायर सापडला तरी तपासणी संपत नाही. रिमची क्षमताही टायरइतकी हवी. आकडा बहुधा रिमच्या मागच्या बाजूला कोरलेला असतो. साधे रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचेच असतात, ८० भरायचे तर धातूचे बसवून घ्या. साइडवॉलवर 'DOT'ने सुरू होणाऱ्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे उत्पादनाची तारीख सांगतात: २३२४ म्हणजे २०२४चा २३वा आठवडा. 'नवा' म्हणून चार वर्षं पडून असलेला टायर देत असतील तर घेऊ नका. स्टेपनीही त्याच क्षमतेची असू द्या, हे हमखास राहून जातं.

हवा टायर गार असताना, सकाळी निघण्याआधी भरा. किती भरायची ते काट्यावरचं वजन आणि टायर कंपनीचा भार-दाब तक्ता पाहून ठरवा. मात्र स्टिकरवरच्या दाबाखाली जाऊ नका. चालून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसला तरी हवा सोडायची नाही. सोडली तर गार झाल्यावर दाब कमी पडतो, साइडवॉल जास्त वाकते, तापते आणि शेवटी टायर फुटतो. कॅम्पर उतरवला की मागची हवा स्टिकरप्रमाणे करा. जास्त हवेवर रिकामी गाडी चालवली की टायर मधोमध झिजतो. चाकं बदलल्यावर ८० ते १६० किलोमीटर चालवून नट पुन्हा टॉर्क पान्याने कसा.