वाढीव शक्तीसाठी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मजबूत करताना

इंजिनाची शक्ती वाढवल्यावर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर मुख्य ताण टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, येतो, आणि तो पेलला नाही तर क्लचप्लेटा (एकमेकींवर दाबून शक्ती पुढे नेणाऱ्या चकत्या) घसरून, तापून जळू लागतात. म्हणून सुरुवात उष्णतेपासून करावी: स्वतंत्र ऑइल कूलर आणि तेलाचे तापमान दाखवणारा मीटर बसवावा. तापमान साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस राहिलेले चांगले. ते वारंवार १२० अंशांवर गेल्यास तेल लवकर खराब होते आणि सील कडक पडतात. माझ्या मते कूलरइतका फायदेशीर खर्च दुसरा नाही.

त्यानंतर व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेलाचा दाब आणि वाट नियंत्रित करणाऱ्या भागात, बदल करून तेलाचा दाब वाढवावा, म्हणजे क्लच घट्ट पकडतात आणि गिअर बदलताना होणारी घसरण कमी होते. मात्र दाब बेसुमार वाढवल्यास गिअर धक्क्याने पडतात आणि आतील भागांवर नाहक ताण येतो. गिअरबॉक्स उघडलाच असेल, तर अधिक क्लचप्लेटा आणि अधिक मजबूत पोलादाचा इनपुट शाफ्ट (इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समध्ये आणणारा दांडा) घालावा, पण प्लेटांमधील फट उत्पादकाने दिलेल्या मापातच ठेवावी. तिथे अंदाज चालत नाही. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सला तेलाच्या माध्यमातून जोडणारा भागही, वाढीव शक्तीच्या इंजिनाला साजेसा निवडावा.