विम९ स्क्रिप्ट लिहायला घेताना सिंटॅक्स आणि टाइप कसे सांभाळायचे

विम एडिटरची जुनी स्क्रिप्ट भाषा फार सोशिक आहे, काहीही लिहिलं तरी ती आपला काहीतरी अर्थ लावून पुढे जाते आणि मग मोठ्या स्क्रिप्टमधली चूक शोधता शोधता जीव जातो. जून २०२२ मध्ये विम ९.० आलं त्यात विम९ स्क्रिप्ट मिळाली, ती कडक आहे आणि मला तरी हा कडकपणाच तिचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो. एक आधीच बघून घ्या, निओविममध्ये (विमपासूनच निघालेला वेगळा एडिटर) ही चालत नाही, त्यामुळे स्क्रिप्ट दोन्हीकडे चालवायची असेल तर जुनी भाषाच ठेवा.

सुरुवात करायची ती फाइलमधली पहिली कमांड म्हणून ‘विम९स्क्रिप्ट’ लिहून. आता कमेंट डबल कोटने नाही, # ने सुरू होते. जुन्या भाषेतलं ‘लेट’ विसरा. व्हेरिएबल पहिल्यांदा बनवताना ‘व्हार’ लिहायचं, नंतर किंमत बदलताना नुसतं नाव आणि बरोबरचं चिन्ह. किंमत बदलायचीच नसेल तर ‘फायनल’ किंवा ‘कॉन्स्ट’, फरक एवढाच की ‘फायनल’ लिस्टमध्ये आतले आयटम बदलता येतात, ‘कॉन्स्ट’मध्ये तेही नाही.

मग स्पेसकडे लक्ष द्या, नवीन माणूस इथेच अडकतो. अधिक, वजा, बरोबर या चिन्हांच्या दोन्ही बाजूंना स्पेस लागतेच. टाइप (म्हणजे व्हेरिएबलमध्ये कोणत्या प्रकारची किंमत राहणार ते) लिहिताना मात्र कोलन नावाला चिकटून आणि त्याच्यानंतर स्पेस, म्हणजे असं:

व्हार एकूण: नंबर = ०

दोन स्ट्रिंग (मजकुराचे तुकडे) जोडायला एक टिंब चालत नाही, दोन टिंबं (..) द्यायची.

टाइप दर वेळी लिहायची गरज नाही, ‘व्हार एकूण = ०’ लिहिलं तरी विम तो नंबरच धरतो, आणि पुढे त्यात स्ट्रिंग टाकायला गेलात की टाइप मिसमॅचची एरर येते. रिकाम्या लिस्टला मात्र टाइप नक्की लिहा, ‘लिस्ट<नंबर>’ असं, नाहीतर आत काय येणार ते विमला कळत नाही आणि तो काहीही आत घेतो. इनपुट फंक्शनमधून आलेलं उत्तर ही कायम स्ट्रिंग असते, जुन्या भाषेत ‘१२अबक’ मध्ये ५ मिळवले तर गुपचूप १७ यायचे, इथे एरर येते, म्हणून आधी नंबरमध्ये बदलून घ्या.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे ‘इफ’. इथे ट्रू, फॉल्स, किंवा फक्त ० आणि १ चालतात. सर्च फंक्शन सापडलेल्या ओळीचा नंबर देतं, त्यामुळे शब्द पहिल्या ओळीत असेल किंवा अजिबात नसेल तर नुसतं ‘इफ सर्च(...)’ बिनबोभाट चालतं आणि पंचविसाव्या ओळीत सापडला की फुटतं! टेस्टिंगमध्ये हे सहज निसटतं, म्हणून सवयच लावा, शेवटी ‘> ०’ लिहायचंच.

फंक्शन ‘डेफ’ने सुरू होऊन ‘एंडडेफ’ने संपतं, प्रत्येक आर्ग्युमेंटचा टाइप लिहावा लागतो, आणि काही परत करायचं असेल तर कंसानंतर कोलन देऊन त्याचाही:

डेफ बेरीज(अ: नंबर, ब: नंबर): नंबर

आर्ग्युमेंटच्या आधी जुनं ‘ए:’ लावायचं नाही. ही फंक्शन्स कंपाइल होतात, म्हणजे चालायच्या आधीच विम ती तपासून तयार करून ठेवतो, म्हणून जुन्यापेक्षा खूपच वेगाने चालतात. जुनी मोठी फाइल असेल तर सगळी एकदम बदलायला जाऊ नका, जुन्या फाइलमध्येही ‘डेफ’ चालतं, तेव्हा जे फंक्शन सगळ्यात हळू चालतंय ते आधी घ्या, ते नीट चाललं की पुढचं.

आणि फाइलच्या शेवटी ‘डेफकंपाइल’ ही एक ओळ टाका. कंपाइल एरवी पहिल्यांदा कॉल केल्यावर होतं, म्हणजे क्वचित वापरल्या जाणाऱ्या फंक्शनमधली टाइपची चूक महिनोन् महिने लपून राहू शकते. ही ओळ असली की ती फाइल लोड होतानाच समोर येते.