कॉलेजला खगोलशास्त्र घेताय? मग या चुका टाळा

साताऱ्यात फर्स्ट इयरच्या पोरांना घेऊन रात्रीच्या ऑब्झर्वेशनला जातो, दरवर्षी त्याच चुका बघतो, म्हणून शेवटी लिहायलाच बसलो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नेटवरचे रंगीत फोटो डोक्यात ठेवून यायचं. एका जानेवारीत यवतेश्वरच्या पठारावर आठ इंची टेलिस्कोपमधून मृगातला तेजोमेघ (वायू-धुळीचा चमकता ढग) दाखवत होतो. एका पोरानं दोन सेकंद डोळा लावला आणि म्हणाला, "सर, एवढंच? राखाडी डाग दिसतोय." अरे बाबा, इतक्या अंधुक उजेडात डोळ्याला रंग कळतच नाहीत, कॅमेरा तोच उजेड कितीतरी वेळ साठवत बसतो. म्हटलं, हलू नको, बघत रहा. पाचेक मिनिटांत त्याला मधले चार बारीक तारे सुटे दिसले, मग कडेनं पंखासारखा पसरलेला उजेड, आणि मग गडी बाजूलाच होईना. तिथून सुमारे १,३०० वर्षांपूर्वी निघालेला उजेड आहे तो, त्याला पाच मिनिटं तरी द्या की!

आणि तेवढ्यात मागून एकीनं वहीत लिहायला मोबाईलची टॉर्च लावली. झालं, सगळ्यांचे डोळे दिपले. अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, ती सगळी वाया. मी बॅटरीच्या तोंडावर लाल जिलेटीन पेपर दुहेरी करून रबरानं बांधतो, आणि मोबाईल गाडीच्या डिकीत.

गणित टाळून हा विषय होत नाही. लॉग आणि घातांक आधीच घासून ठेवा. ताऱ्यांची प्रत, म्हणजे तेजस्वीपणाचा आकडा, उलटी चालते, व्याधाची -१.४६ आणि ध्रुवाची २ च्या आसपास, म्हणजे व्याधच जास्त तेजस्वी. ५ प्रतींचा फरक म्हणजे उजेडात १०० पट. सूत्र पाठ करून हे डोक्यात बसत नाही, मी आकडेमोडीआधी अंदाजे उत्तर कोपऱ्यात लिहून ठेवतो.

ध्रुव डोक्यावर शोधू नका, आपल्याकडून तो जेमतेम साडेसतरा अंशांवर दिसतो, हात लांब करून क्षितिजावर दोन मुठी ठेवल्या की त्याच्या किंचित खाली. प्रकाशवर्ष हे अंतर आहे (उजेड वर्षभरात जेवढं कापतो तेवढं), काळ नाही. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीत असते, त्यामुळं अंतरावरनं ऋतू सांगू नका.

पावसाळ्यात इथं आकाश मिळत नाही, म्हणून दिवाळीनंतरच्या पहिल्या मोकळ्या रात्रीपासून ऑब्झर्वेशनची वही भरा. शेवटच्या आठवड्यात ॲप बघून भरलेली वही मला लगेच कळते, कारण तारे रोज साधारण ४ मिनिटं लवकर उगवतात, महिन्यात दोन तास, आणि त्या वहीत मात्र मृग डिसेंबरात आणि फेब्रुवारीत रात्री नऊला एकाच जागी असतो.