ग्रेन बाउंड्री ही धातूची कच्ची बाजू नव्हे: या चुका टाळा

पॉलिश करून नायटलने (अल्कोहोलमधल्या नायट्रिक ॲसिडने) एच केलेला, म्हणजे पृष्ठभाग किंचित खाऊ दिलेला, माइल्ड स्टीलचा तुकडा मायक्रोस्कोपखाली धरला की काळ्या रेषांचं जाळं दिसतं. या रेषा म्हणजे ग्रेन बाउंड्री: धातूतल्या छोट्या स्फटिकांच्या, म्हणजे ग्रेनच्या, मधल्या सीमा. ते बघून बहुतेकांची खात्रीच पटते की धातू तुटणार तो या रेषांवरूनच. पहिली चूक इथेच होते. त्या भेगा नसतात. सीमेवरचे अणू जरा अस्ताव्यस्त बसलेले असतात, म्हणून ॲसिड तिथे जास्त खातं आणि चर पडतो.

खोलीच्या तापमानाला, स्वच्छ धातूत, ही सीमाच ताकद देते. धातू कायमचा वाकतो तो ग्रेनच्या आत डिस्लोकेशन्स (अणूंच्या ओळींमधले रेषेसारखे दोष) ठराविक प्रतलांवरून सरकल्यामुळे. शेजारच्या ग्रेनमध्ये अणूंच्या ओळींची दिशा वेगळी असते, त्यामुळे सीमेपाशी सरळ वाट संपते आणि मागून येणारी डिस्लोकेशन्स तिथेच तुंबतात. त्या रांगेच्या टोकाशी ताण पुरेसा साचला तरच पलीकडच्या ग्रेनमध्ये सरकणं सुरू होतं. ग्रेन बारीक असेल तर रांग आखूड राहते, टोकाशी ताण कमी साचतो, आणि ती कमतरता बाहेरून जास्त बल लावून भरावी लागते. हे गणित संशोधक हॉल यांनी १९५१ मध्ये आणि पेच यांनी १९५३ मध्ये मांडलं: यील्ड स्ट्रेंथ (धातू कायमचा वाकू लागतो तो ताण) = धातूचा मूळ विरोध + सीमांचा वाटा, आणि हा वाटा म्हणजे एक स्थिरांक भागिले ग्रेनच्या व्यासाचं वर्गमूळ.

सूत्र पाठ असूनही आकडेमोडीत घोळ होतो. ‘ग्रेन चौपट बारीक, म्हणजे ताकद दुप्पट’ असं सर्रास लिहिलं जातं. दुप्पट होतो तो फक्त सीमांचा वाटा. माइल्ड स्टीलसाठी मूळ विरोध साधारण ७० मेगापास्कल धरा आणि हॉल-पेच स्थिरांक ०.७४ (मेगापास्कल गुणिले वर्गमूळ मीटर). ९० मायक्रॉनच्या ग्रेनला यील्ड स्ट्रेंथ येते सुमारे १४८, आणि साडेबावीस मायक्रॉनला सुमारे २२६. वाढ भरघोस आहे, पण दुप्पट नाही. व्यास मीटरमध्येच घ्या; मिलिमीटर घातलात तर उत्तर पार भलतंच येईल. ग्रेनचा आकार सांगणारा एएसटीएम या मानक संस्थेचा ग्रेन नंबरही उलटा चालतो: हे दोन ग्रेन अनुक्रमे ४ आणि ८ नंबरचे. नंबर मोठा, ग्रेन बारीक.

पितळ मोजताना आणखी एक फसगत होते. ॲनील केलेल्या (तापवून मऊ केलेल्या) पितळात ग्रेनच्या आतून जाणाऱ्या सरळ, समांतर रेषा दिसतात. त्या ट्विनच्या, म्हणजे एकाच ग्रेनमधल्या आरशातल्या प्रतिबिंबासारख्या रचनेच्या भागाच्या, सीमा आहेत. ग्रेन साइझ मोजताना त्या वगळतात. त्या धरल्या तर ग्रेन आहे त्याहून बारीक ठरतो आणि चुकीचा रिपोर्ट पुढे जातो.

‘हीट ट्रीटमेंट दिली की ग्रेन बारीक होतो’ हा समज तर भट्टीपाशी हमखास ऐकू येतो. स्टीलला नॉर्मलायझिंग (चांगलं तापवून हवेत थंड करणं) दिल्यावर होतो, कारण तापताना आणि थंड होताना त्याची स्फटिकरचनाच बदलते आणि नवे ग्रेन जन्माला येतात. तांबं, ॲल्युमिनियम, नेहमीचं ७०-३० पितळ यांच्यात असा बदल होत नाही. आधी थंड अवस्थेत चांगलं रोलिंग किंवा ड्रॉइंग करा आणि मग बेताचं तापवा, तर नवे बारीक ग्रेन मिळतील. नुसतं तापवत राहिलात तर ग्रेन फुगत जातात; मग डीप ड्रॉइंग (पत्रा साच्यात दाबून खोल आकार देणं) करताना पितळी पत्रा संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो. अशा वेळी डाय (साचा) बदलण्याआधी ॲनीलिंगचं तापमान आणि वेळ तपासा.

बारीक ग्रेन सगळीकडे चांगला, असंही धरून चालू नका. केल्विनमध्ये मोजलेल्या वितळबिंदूच्या निम्म्याच्या आसपास तापमान गेलं की सीमांवरून अणू झपाट्याने फिरतात, ग्रेन एकमेकांवर घसरतात आणि क्रीप (सततच्या ताणाखाली हळूहळू होणारी लांबण) वाढतो. म्हणूनच जेट इंजिनच्या सर्वांत तापणाऱ्या टर्बाइन पात्यांसाठी एकस्फटिक सुपरॲलॉय (उष्णता सोसणारा मिश्रधातू) वापरतात, ज्यात ग्रेन बाउंड्रीच नसते.

मग सीमेवरून तुटलेला तुकडा हाती आला तर? आधी सीमेवर काय साचलंय ते शोधा. तांब्यात किंचित बिस्मथ सीमेवर गोळा झाला तरी ते ठिसूळ होतं. ३०४ स्टेनलेस वेल्डिंगच्या वेळी ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात रेंगाळलं की सीमेवर क्रोमियम कार्बाइड बनतं, लगतच्या पट्टीतलं क्रोमियम घटतं आणि गंज तिथूनच आत शिरतो. वेल्डिंग करायचंच असेल तर ०.०३ टक्क्यांपर्यंत कार्बन असलेलं ३०४एल घ्या. माल आधीच बिघडला असेल आणि अजून गंजला नसेल, तर सुमारे १०५० अंशांना सोल्युशन ॲनील करून झटकन थंड करा, म्हणजे कार्बाइड पुन्हा विरघळतं.